चाई पडली: इंजेक्शन, मलम, गोळ्या की बिब्बा? उपचारांची तुलना

डोक्यावर चाई पडली आहे हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा सलूनमध्ये कळते. मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा असतो. तो आरशात दिसत नाही. केस कापणारा विचारतो, "इथे काय झालंय?" मग पुढच्या आठ दिवसांत शेजारी, नातेवाईक आणि कंपनीतले सहकारी इतके उपाय सांगतात की नेमके काय करावे तेच कळेनासे होते.

बोईसर-तारापूर पट्ट्यात प्रॅक्टिस करताना असे रुग्ण माझ्याकडे बहुधा दोन-तीन महिने उशिरा येतात. तोवर कुणी कांदा चोळलेला असतो, कुणी मेडिकलमधून ट्यूब आणून लावलेली असते, तर कुणी बिब्बा लावून कातडी भाजून घेतलेली असते. कोणता उपचार कुणासाठी आहे, त्याचा उपयोग किती, धोका किती आणि त्यासाठी डॉक्टरांकडे किती फेऱ्या माराव्या लागतात, हे या लेखात एकत्र मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. लहान आणि नवीन चट्टा अनेकदा काहीही न करता भरून येतो. त्यामुळे त्या काळात जे काही लावले असेल, त्याला श्रेय मिळते. हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

चाई म्हणजे काय?

चाईला काही भागांत उंदरी म्हणतात. आयुर्वेदात याच तक्रारीला इंद्रलुप्त असे नाव आहे आणि डॉक्टर तिला अलोपेशिया एरिआटा म्हणतात. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर हल्ला करण्याऐवजी केसांच्या मुळांवर हल्ला करते. पांढऱ्या पेशी मुळाभोवती मधमाश्यांसारख्या गोळा होतात, केस कमकुवत होऊन गळतो आणि त्या जागी गोल, गुळगुळीत चट्टा उरतो. डोके, दाढी, भुवया, पापण्या, कुठेही हे होऊ शकते.

हा आजार दुर्मीळ नाही. साधारण १०० पैकी दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. बहुतेकांना ती चाळिशीच्या आत पहिल्यांदा दिसते.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी की हल्ला झाला तरी केसाचे मूळ मरत नाही, ते झोपी जाते. म्हणूनच कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही केस परत येऊ शकतात. उपचार निवडताना पहिली काळजी ही घ्यायची की हे जिवंत मूळ आपल्याच हाताने जाळून टाकले जाऊ नये.

चाईत किडा नसतो आणि ती संसर्गाने पसरत नाही. एकच कंगवा, उशी किंवा हेल्मेट वापरल्याने ती दुसऱ्याला होत नाही. चाई पडलेल्या मुलाला शाळेत वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही.

कारखान्यामुळे, पाण्यामुळे की अणुकेंद्रामुळे?

आपल्या भागात हा प्रश्न हमखास विचारला जातो. एमआयडीसीत काम करणाऱ्याला रसायनांची शंका येते, कुणाला बोअरच्या पाण्याची, तर कुणाला तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राची.

रसायन डोक्याला लागले तर सहसा कातडी लाल होते, खाज सुटते, आग होते, साल निघते. गोल, स्वच्छ, न दुखणारा एकच चट्टा तसा पडत नाही. कॅन्सरच्या उपचारात डोक्याला रेडिएशन देतात तेव्हा केस जातात, पण त्यासाठी लागणारा डोस फार मोठा असतो. शिवाय ज्या भागाला रेडिएशन मिळते त्या सगळ्या भागाचे केस जातात, नाण्याएवढ्या जागेचे नाही. कारखान्यातले हेल्मेट घातल्यानेही चाई पडत नाही.

बाहेरच्या कारणाची शंका कधी घ्यावी? एकाच गावात किंवा एकाच खात्यात अनेकांचे केस एकदम गळू लागले तर. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तसेच झाले. काही दिवसांत अनेकांच्या डोक्याचे केस हातात येऊ लागले. आयसीएमआरची पथके तपासासाठी आली. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आढळल्याचे सांगितले. तो प्रकार चाईचा नव्हता. चाई घराघरांत एकदम येत नाही. ती ज्या त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीतून येते.

आधी खात्री करा, चाईच आहे ना?

चुकीच्या निदानावर केलेला चांगला उपचारही नुकसान करतो. डॉक्टर चट्टा पाहून पुढील गोष्टी वेगळ्या करतात:

- चाई: चट्टा गुळगुळीत, कोंडा नाही, दुखत नाही. कडेला मुळाशी बारीक आणि टोकाशी जाड असे तुटके केस दिसतात. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतात.
- डोक्याचा नायटा: मुलांमध्ये जास्त. चट्ट्यावर खपल्या, तुटके केस, काळे ठिपके, खाज, कधी पू. हा बुरशीचा आजार आहे आणि तो पसरतो. त्याला काही आठवडे बुरशीविरोधी गोळ्या लागतात, नुसते मलम पुरत नाही. त्यावर स्टिरॉइडचे मलम लावले तर तो वाढतो.
- ओढाताण: रोज घट्ट वेणी किंवा अंबाडा घातल्याने कपाळाच्या आणि कानाच्या कडेचे केस विरळ होतात.
- केस उपटण्याची सवय: चट्टा वेडावाकडा, त्यात कमी-जास्त लांबीचे केस. मुलाला रागावून उपयोग नसतो, त्याच्याशी शांतपणे बोलावे लागते.
- व्रण राहणारे आजार: कातडी चकचकीत होते, केसांची छिद्रेच दिसत नाहीत. इथे घाई हवी, कारण गेलेले केस परत येत नाहीत.
- उपदंश अर्थात सिफिलिस: कसर लागल्यासारखे बरेच छोटे विरळ चट्टे. साध्या रक्ततपासणीत कळते आणि उपचाराने बरे होते.

चाईच्या रुग्णात थायरॉइडचे विकार आणि कोड थोडे जास्त आढळतात, म्हणून थायरॉइडची तपासणी करणे योग्य. रक्त कमी असेल किंवा व्हिटॅमिनची कमतरता सापडली तर ती जरूर भरून काढावी, पण तेवढ्याने चाई जाईल अशी अपेक्षा नको. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

उपचार कशावर ठरतो?

तीन गोष्टींवर: डोक्याचा किती भाग गेला आहे, किती दिवस झाले आहेत आणि रुग्णाचे वय काय. डोक्याचे चार समान भाग आहेत असे समजा. चट्टे मिळून एका भागापेक्षा कमी असतील तर आजार मर्यादित. दोन भाग किंवा त्याहून जास्त केस गेले असतील तर तो गंभीर मानतात.

खालचे सगळे उपचार केस परत आणायला मदत करतात. त्यांपैकी एकही आजार मुळापासून काढून टाकत नाही. चाई पुन्हा पडू शकते, आणि तसे झाले म्हणजे पहिला उपचार चुकला असे नाही.

१. थांबून पाहणे

एक-दोन लहान चट्टे, अलीकडेच पडलेले आणि वाढत नसलेले असतील तर तीन महिने वाट पाहणे हा मान्य मार्ग आहे. अशा मर्यादित चाईत साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांचे केस वर्षभरात आपोआप येतात. खर्च नाही, दुष्परिणाम नाही. मात्र दर पंधरा दिवसांनी चट्ट्याचा फोटो काढा. चट्टा वाढतोय असे दिसले तर थांबू नका.

२. चट्ट्यात इंजेक्शन

मोठ्या माणसांत मोजक्या चट्ट्यांसाठी हा सर्वांत भरवशाचा उपाय. ट्रायअ‍ॅमसिनोलोन नावाचे स्टिरॉइड पातळ करून बारीक सुईने चट्ट्यात अनेक ठिकाणी थोडे-थोडे देतात. डोक्यासाठी दर मिलिलिटरला २.५ ते १० मिलिग्रॅम, दाढीसाठी त्यातले सर्वांत सौम्य. दर ४ ते ६ आठवड्यांनी एक बैठक. नवे केस बहुधा ६ ते ८ आठवड्यांत दिसू लागतात.

दुखते, पण सहन होते. औषध जास्त तीव्र असेल तर त्या जागी खळगा पडतो. तो बहुधा काही महिन्यांत भरतो. बाजारात याच औषधाची ४० मिलिग्रॅमची बाटली मिळते. ती पातळ न करता चाईत द्यायची नसते. म्हणून हे इंजेक्शन याची सवय असलेल्या डॉक्टरकडूनच घ्या. सहा महिन्यांत काहीच फरक नसेल तर हा उपाय थांबवावा. लहान मुलांना शक्यतो देत नाहीत.

३. स्टिरॉइडचे मलम किंवा लोशन

मुलांसाठी आणि सुईला घाबरणाऱ्यांसाठी पहिली पसंती. क्लोबेटासोलसारखे तीव्र मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरते फक्त चट्ट्यावर लावायचे. परिणाम दिसायला तीन महिने लागतात. इंजेक्शनपेक्षा उपयोग कमी, पण घरी करता येतो. केसांच्या मुळाशी पुळ्या येणे आणि कातडी पातळ होणे हे दुष्परिणाम.

एक सावधगिरी. स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूब स्वतःच्या मनाने आणू नका. त्याने नायटा झाकला जातो आणि आतून वाढतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, ती याच गैरवापरामुळे.

४. मिनॉक्सिडिल

टक्कल पडण्यासाठी वापरतात तेच ५ टक्क्यांचे लोशन. हे प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबवत नाही, उगवू लागलेल्या केसाला बळ देते. म्हणून ते इंजेक्शन किंवा मलमाच्या जोडीला चांगले, एकट्याने विशेष उपयोगी नाही. कपाळावर ओघळले तर तिथे लव वाढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वापरू नये.

५. स्टिरॉइडच्या गोळ्या

चट्टे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर ती आग विझवण्यासाठी थोड्या काळापुरत्या देतात. आपल्याकडे आठवड्यातून सलग दोन दिवस गोळी देण्याची पद्धत बरीच वापरतात. केस येतात, पण गोळी बंद केल्यावर अनेकांचे पुन्हा गळतात. साखर आणि रक्तदाब वाढणे, वजन वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मुलांची उंची खुंटणे हे धोके आहेत.

जुनी चिठ्ठी दाखवून या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तसे करू नका. बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

६. डीपीसीपी

डोक्याचा मोठा भाग गेला असेल तेव्हाचा उपाय. या रसायनाने मुद्दाम सौम्य अ‍ॅलर्जी निर्माण करतात, म्हणजे प्रतिकारशक्तीचे लक्ष केसाच्या मुळावरून हटते. पहिल्यांदा अ‍ॅलर्जी तयार करायची, मग दर आठवड्याला अतिशय सौम्य द्रावण लावायचे, ४८ तास डोके धुवायचे नाही आणि उन्हापासून झाकायचे. बऱ्याच महिन्यांच्या उपचारानंतर साधारण निम्म्या रुग्णांत फरक दिसतो. खाज, फोड आणि मानेत गाठी येऊ शकतात. ते प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत मिळते आणि दर आठवड्याची फेरी चुकवून चालत नाही.

७. जॅक इनहिबिटर गोळ्या

गंभीर चाईत गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना जो निरोप देतात, तो या गोळ्या मध्येच अडवतात. अमेरिकेच्या एफडीएने बॅरिसिटिनिबला जून २०२२ मध्ये मोठ्यांसाठी, रिटलेसिटिनिबला जून २०२३ मध्ये १२ वर्षांवरील सर्वांसाठी आणि ड्यूरुक्सोलिटिनिबला जुलै २०२४ मध्ये मोठ्यांसाठी मान्यता दिली. भारतात टोफॅसिटिनिबही बरेच वापरले जाते. ती मुळात संधिवाताची गोळी आहे आणि तिची भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे मिळतात.

बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत अर्ध्याहून जास्त केस गेलेले रुग्ण होते. ३६ आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या १०० पैकी ३६ ते ३९ जणांचे डोके किमान ८० टक्के भरले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १०० पैकी ३ ते ६ होते. म्हणजे फरक खरा आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा फायदा झाला नाही हेही खरे.

गोळी बंद केली की बहुतेकांचे केस पुन्हा गळतात, म्हणून खर्चाचा हिशेब महिन्याचा नाही, वर्षांचा करावा. या औषधांनी जंतुसंसर्ग वाढू शकतो, नागीण होऊ शकते, रक्तात गुठळी होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका सांगितलेला आहे. सुरू करण्यापूर्वी रक्त, लिव्हर, कोलेस्टेरॉल, कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे लागतो. आपल्याकडे टीबीची तपासणी तर अजिबात टाळू नका. शरीरात दबून असलेला टीबी या गोळ्यांनी उफाळू शकतो.

८. पीआरपी

स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून चट्ट्यात टोचतात. काहींना फायदा होतो, पण पुरावा अजून थोडा आणि उलटसुलट आहे. खर्च बराच. पहिला उपाय म्हणून मी हा सुचवत नाही.

९. कांदा, लसूण आणि बिब्बा

कांद्याच्या रसाला अगदीच आधार नाही असे नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बगदादच्या एका छोट्या अभ्यासात कांद्याचा रस लावणाऱ्या २३ पैकी २० जणांना दोन महिन्यांत केस आले, साधे पाणी लावणाऱ्या १५ पैकी दोघांना. पण अभ्यास लहान होता आणि कोण काय लावत आहे हे सर्वांना माहीत होते. लावायचाच असेल तर आग होताच थांबवा.

बिब्बा मात्र कधीही नाही. गुंज किंवा जमालगोटा वाटून लावणेही नाही. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. पालघरजवळच्या एका गावातली शाळकरी मुलगी मला आठवते. आजीने मायेनेच बिब्बा लावला होता. फोड आले, जखम चिघळली आणि भरताना जाड व्रण राहिला. तो चट्टा चाईचा होता तोवर तिथे केस परत येण्याची चांगली शक्यता होती. व्रण झाल्यावर ती उरली नाही.

मग तुम्ही काय कराल?

- एक-दोन नवे, लहान चट्टे: तीन महिने वाट पाहा किंवा इंजेक्शन घ्या. दोन्ही बरोबर आहे.
- लहान मूल: आधी नायटा नाही याची खात्री, मग मलम.
- चट्टे झपाट्याने वाढत आहेत: त्वचारोगतज्ज्ञांना लवकर भेटा.
- निम्मे किंवा जास्त डोके गेले: डीपीसीपी किंवा जॅक गोळ्या, फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.
- गरोदरपण: जॅक गोळ्या आणि मिनॉक्सिडिल नाही. थांबणे किंवा डॉक्टरांना विचारून मर्यादित उपचार.

फेऱ्यांचा विचारही उपचारातच धरा. बोईसर किंवा पालघरहून महिन्यातून एक सुट्टी काढून इंजेक्शन घेणे बहुतेकांना जमते. दर आठवड्याला मुंबईला जाणे शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला कठीण, आणि जव्हार-मोखाड्याहून तर रेल्वेही नाही, प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा. अर्धवट सोडलेल्या मोठ्या उपचारापेक्षा नीट पूर्ण केलेला साधा उपचार बरा. मुंबईत नायर, केईएम, शीव आणि जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्यांना मुंबई सेंट्रलजवळचे नायर सोयीचे पडते.

केस येत आहेत हे कसे ओळखावे? आधी बारीक, पांढरी लव येते. ती पाहून घाबरू नका. काही महिन्यांत तिला रंग येतो आणि केस जाड होतो.

लवकर डॉक्टरांकडे जावे अशी लक्षणे: चट्ट्यावर खपल्या, पू किंवा वेदना, कातडी चकचकीत होणे, भुवया-पापण्या जाणे, कानामागून मानेपर्यंत पट्ट्यासारखे केस जाणे, नखे खडबडीत होणे. शेवटच्या तिन्ही गोष्टींत आजार चिवट असू शकतो, म्हणून उपचार लवकर सुरू केलेला बरा.

चाईने जीवाला धोका नाही, पण मनाला त्रास नक्की होतो. लग्न ठरवताना लपवाछपवी होते, मुले शाळेत टोपी काढत नाहीत. २०२२ च्या ऑस्कर समारंभात याच आजारावरच्या विनोदावरून जाहीर थप्पड मारली गेली, इतकी ही जखम हळवी असू शकते. घरात कुणाला चाई असेल तर रोज डोके तपासून "वाढली का?" असे विचारू नका. विग, स्कार्फ, टोपी, भुवयांची पेन्सिल वापरण्यात कमीपणा नाही. झोप उडाली असेल किंवा घराबाहेर पडावेसे वाटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

पुढच्या वेळी कुणी खात्रीचा उपाय सांगितला तर एवढेच विचारा: हा न करता केस आले नसते कशावरून? आणि याने कातडी जळणार तर नाही ना?

हा लेख माहितीसाठी आहे. औषध आणि त्याचा डोस तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.